दमट हवेत सरळ राहील अशी बेस गिटारची नेक कशी घडवावी?

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

माझ्याकडे फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या घडणीची चार तारांची बेस गिटार आहे. तिची बॉडी, पिकअप आणि ब्रिज उत्तम आहेत, परंतु नेकला, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या लांब मानेला, पीळ पडला आहे. ई तारेच्या बाजूने सरळ पट्टी ठेवली तर सातव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे नेकवरचे धातूचे आडवे पडदे) सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट दिसते आणि जी तारेच्या बाजूने ती जवळजवळ नाहीशी होते. नेकच्या आतला धातूचा ट्रस रॉड आवळला की दोन्ही बाजू एकदमच मागे जातात. त्यामुळे ई तारेची बाजू मनासारखी होईपर्यंत जी तारेची बाजू उलटी वाकलेली असते आणि तार फ्रेटवर खडखडू लागते. मी ठाण्यात खाडीजवळ राहतो. जून ते सप्टेंबर या काळात हा त्रास वाढतो आणि हिवाळ्यात थोडा कमी होतो.

तयार नेक विकत आणण्याऐवजी ती स्वतः घडवावी, असा विचार आहे. मापे जुन्या नेकचीच ठेवायची आहेत, म्हणजे ८६४ मिलिमीटर स्केल (तारेची कंप पावणारी लांबी), नटपाशी (तारा टेकतात त्या वरच्या पट्टीपाशी) ३८ मिलिमीटर रुंदी, २० फ्रेट आणि बॉडीत चार स्क्रूंनी बसणारी हील (नेकचे खालचे टोक). लाकडाचा निर्णय मात्र होत नाही. मेपल बाहेरून मागवावे लागते. नात्यातला एक जुना वाडा उतरवला तेव्हा निघालेली सागवानी तुळई माझ्याकडे पडून आहे आणि फ्रेटबोर्डसाठी, म्हणजे फ्रेट बसतात त्या नेकवरच्या थरासाठी, शिसवीची फळी मिळू शकते. सागवानाची नेक बेसच्या ताणाला टिकेल का, पीळ टाळण्यासाठी दोन ट्रस रॉड घालावेत का, आणि जुन्या नेकचे काही करता येईल का, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती. हातरंधे, पटाश्या, राउटर आणि ड्रिल प्रेस एवढी साधने हाताशी आहेत.

सुतारपक्षी

दोन रॉडांचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यातच बाकीच्या प्रश्नांची दिशा आहे. तारांचा ताण नेकला पुढे ओढतो आणि त्या ओढीला मागून उलटा जोर देणे एवढेच ट्रस रॉडचे काम आहे. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये या रॉडचे पेटंट मिळाले. फेंडरने १९५० मध्ये आपल्या पहिल्या सॉलिड बॉडी गिटारी बाजारात आणल्या, तेव्हा घट्ट मेपलला रॉडची गरज नाही असे समजून त्या रॉडशिवायच काढल्या होत्या, आणि त्याच वर्षात त्यांना रॉड घालावा लागला. मेपलसारखे कणखर लाकूडही सततच्या ओढीपुढे हळूहळू नमते, हे त्यातून दिसले. परंतु पीळ हा प्रामुख्याने ताणाचा परिणाम नसतो. तो लाकडाच्या रेषेतून, म्हणजे तंतूंच्या दिशेतून, येतो. रिकनबॅकर कंपनीच्या बेसमध्ये दोन रॉड असतात आणि त्यांच्या साहाय्याने किंचित पीळ काढता येतो हे खरे असले, तरी जे लाकूड मुळात पिळणार आहे त्यात दोन रॉड घालणे म्हणजे दरवर्षी दोन नट फिरवत बसणे होय. माझ्या मते एकच दुहेरी कार्य करणारा, म्हणजे नेकला दोन्ही दिशांनी वाकवू शकणारा, रॉड घालावा आणि उरलेली सगळी काळजी लाकूड निवडताना घ्यावी.

नेकसाठी लाकूड पाहताना चारही पृष्ठे आधी रंधून घ्यावीत. रुंद पृष्ठावर रेषा सुंदर दिसते म्हणून लोक फसतात, खरी परीक्षा अरुंद बाजूवर असते. तिथे रेषा हीलपासून हेडस्टॉकपर्यंत (खुंट्यांच्या टोकापर्यंत) सलग धावली पाहिजे. ती मध्येच तिरपी होऊन पृष्ठाबाहेर पडत असेल, तर ते लाकूड नेकसाठी बाजूला ठेवावे. कापलेल्या टोकावर वार्षिक वलये रुंद पृष्ठाशी काटकोनात उभी असतील तर उत्तम. तुळईच्या मधोमध झाडाचा गाभा असण्याची शक्यता असते, त्यामुळे गाभ्यालगतचा भाग वगळून दोन्ही कडांकडून फळ्या काढाव्यात. वाड्याच्या लाकडात खिळे तुटून आत राहिलेले असतात. करवत लावण्यापूर्वी चुंबक किंवा धातुशोधक फिरवून घ्यावा.

फळ्या काढल्यावर लगेच जोडू नयेत. जाड लाकूड कापले की आतला दबलेला ताण मोकळा होतो आणि सरळ दिसणारी फळी रात्रीतून धनुष्यासारखी वाकू शकते. काही आठवडे त्या घरातच, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशा ठेवाव्यात, पुन्हा रंधून सरळ कराव्यात आणि मगच तीन पट्ट्यांची नेक जोडावी. मधली पट्टी उलटी फिरवून लावली की तिन्हींचा कल एकमेकांना छेद देतो.

मेपलपान

सुतारपक्षी यांनी लाकडाच्या निवडीला दिलेले महत्त्व मला पूर्ण मान्य आहे. मी टोरांटोत राहते. इथे हिवाळ्यात हीटर चालू असताना घरातील सापेक्ष आर्द्रता २५ ते ३० टक्क्यांवर येते आणि तेव्हा लाकडातील पाण्याचे प्रमाण ५ ते ६ टक्के असते. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० ते ८५ टक्के राहिली, तर तेच लाकूड १६ ते १८ टक्क्यांपर्यंत पाणी घेऊ शकते. उलट नागपूरच्या मे महिन्यात ते पुन्हा ५ टक्क्यांच्या आसपास येते.

या फरकाचा अर्थ आकड्यांत पाहू. ६० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीतील पाण्याचे प्रमाण १० टक्क्यांनी बदलले, तर वलये रुंद पृष्ठाला समांतर असलेले हार्ड मेपल रुंदीत सुमारे २.१ मिलिमीटर फुगते किंवा आक्रसते, आणि वलये उभी असलेले मेपल सुमारे १ मिलिमीटर. सागवानासाठी हेच आकडे अनुक्रमे १.१ आणि ०.६ आहेत. म्हणजे आडव्या वलयांचे सागवान उभ्या वलयांच्या मेपलइतकेच हलते. लवचीकतेचा गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, पाहिला तर हार्ड मेपल १२.६ गिगापास्कलच्या जवळ आहे आणि सागवान त्याच्या किंचितच खाली. खर्जप्रेमी, सागवान ताणाला टिकेल का, या तुमच्या शंकेचे उत्तर इथेच मिळते. इंचाच्या ४५ ते १०५ हजारांश जाडीच्या चार तारा ८६४ मिलिमीटर स्केलवर मिळून सुमारे ७५ ते ८० किलोंची ओढ देतात, आणि नीट रेषेचे सागवान रॉडच्या मदतीने ती सहज पेलते.

लाकूड लांबीच्या दिशेने फारच थोडे हलते, मग नेक वाकते का, असा प्रश्न पडू शकतो. रेषा तिरपी असेल तर रुंदीतील हालचालीचा काही अंश लांबीच्या दिशेने उतरतो. एका बाजूला तो अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी उतरला की पीळ पडतो. तुमची जुनी नेक पावसाळ्यात अधिक पिळते आणि हिवाळ्यात थोडी सुटते, यावरून तिच्यातील रेषा सरळ नसावी असा माझा कयास आहे.

एका मुद्द्यावर मात्र मतभेद नोंदवते. वाड्याचे लाकूड शंभर वर्षे वाळलेले आहे म्हणून ते आता ओल घेणार नाही, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. तसे होत नाही. लाकडाच्या पेशीभित्तिका पाणी घेतच राहतात. वयामुळे ही ओढ किंचित कमी होते, संपत नाही. ती खरोखर कमी करायची असेल तर भाजलेले मेपल वापरतात. लाकूड प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत साधारण १६० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की पाणी धरून ठेवणारे घटक विघटित होतात. त्याची किंमत म्हणजे लाकूड ठिसूळ होते, आणि आधी पुरेसे छिद्र न पाडता स्क्रू पिळला तर हील उभी चिरते.

सुतारपक्षी

वाड्याचे लाकूड ओल घेत नाही, असे मी लिहिलेले नाही आणि तसे माझे मतही नाही. परंतु मेपलपान यांच्या उत्तरात जुन्या लाकडाची बाजू थोडी उणी पडते, असे वाटते. आज बाजारात सागवान म्हणून जे मिळते त्यात लवकर वाढवलेल्या झाडांचे, रुंद वलयांचे आणि घाईत वाळवलेले लाकूड बरेच असते. जुन्या तुळया सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडांच्या असत. त्यांतून गाठ नसलेली, सलग रेषेची ९०० मिलिमीटर लांब पट्टी निघण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. त्यामुळे जुन्या लाकडाची निवड त्याच्या वयासाठी न करता रेषेसाठी करावी. तुळईला वाळवी किंवा भुंगेरे लागलेले असतील, तर मात्र वय आणि रेषा दोन्ही निरुपयोगी आहेत.

मांडवीकाठ

गोव्यात गिटार दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे दमट हवेतल्या नेक रोजच्या पाहण्यातल्या आहेत. माझ्याकडे येणाऱ्या वाकड्या नेकपैकी बऱ्याच नेकमध्ये लाकूड ठीक असते आणि खोट असते ती डिंकात.

सागवानात नैसर्गिक तेल असते. रंधल्यानंतर ते हळूहळू पृष्ठावर येते आणि डिंकाला धरू देत नाही. म्हणून जोडायचे पृष्ठ त्याच दिवशी ताजे रंधावे, ॲसिटोनने पुसावे आणि ॲसिटोन उडताच डिंक लावावा. या लाकडातील वाळूसारख्या सिलिकामुळे रंध्याची धार लवकर जाते. बोथट रंध्याने दाबलेले पृष्ठ चकाकते खरे, पण सांध्याला वाईट. पट्ट्या एकमेकींना जोडताना पिवळा ॲलिफॅटिक डिंक चालतो. साधा पांढरा पीव्हीए डिंक सततच्या ओढीखाली सावकाश सरकतो, त्यामुळे नेकसाठी तो घेऊ नये. जुन्या वाद्यकारांचा सरस कोरड्या हवेत फार चांगला आहे, परंतु तो ओल आणि उष्णता दोन्हींनी मऊ पडतो. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेल्या गिटारीचा सरसाचा सांधा सुटलेला मी पाहिला आहे.

फ्रेटबोर्ड चिकटवताना मी नेहमी सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी वापरतो. कारण असे की पाण्याचा डिंक लावला की फ्रेटबोर्डची खालची बाजू पाणी पिऊन फुगते, त्या अवस्थेतच सांधा पकडला जातो आणि पाणी सुकल्यावर नेक एका बाजूला ओढली जाते. इपॉक्सीत पाणी नसते. कोणताही डिंक घेतला तरी क्लॅम्प काढल्यावर नेक काही दिवस तशीच ठेवावी, फ्रेटबोर्डचे पृष्ठ पुन्हा सरळ करावे आणि त्यानंतरच त्याला गोलाई द्यावी.

नेक वाकडी होण्याचे दुसरे कारण फ्रेटचे. फ्रेटच्या तळाशी जी पाती असते तिला बारीक दाते असतात. लाकडातील खाच त्या पातीपेक्षा अरुंद असेल तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा आत शिरतो. अशा २० पाचरी एका पृष्ठावर ठोकल्या की नेक मागे वाकते आणि तारा चढवल्यावरही पुरेशी पुढे येत नाही. पात साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. ती कॅलिपरने मोजून, टाकाऊ तुकड्यावर खाच करून, फ्रेट बोटाने अर्धा आत जाईल आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने पूर्ण बसेल असे माप ठरवावे. काही जुने कारागीर मुद्दाम जाड पातीचे फ्रेट घालून अति पुढे वाकलेली नेक मागे आणतात. ती विद्या उपयोगी आहे, मात्र नव्या नेकवर तिची गरज पडू नये.

आकडेमोड

फ्रेटच्या जागांविषयी अजून कोणी लिहिले नाही म्हणून भर घालतो. जुन्या कारागिरांत अठराचा नियम होता, म्हणजे उरलेल्या लांबीचा अठरावा भाग पुढे सरकून पुढचा फ्रेट. ८६४ मिलिमीटर स्केलवर या नियमाने बारावा फ्रेट ४२८.९ मिलिमीटरवर येतो. तो यायला हवा ४३२ वर, म्हणजे तीन मिलिमीटरहून अधिक चूक. योग्य भाजक १७.८१७ आहे, कारण समविभाजित सप्तकात प्रत्येक अर्धस्वर मागच्यापेक्षा दोनच्या बाराव्या मुळाइतका, म्हणजे १.०५९४६ पट असतो.

या हिशेबाने नटपासून पहिला फ्रेट ४८.४९, दुसरा ९४.२६, तिसरा १३७.४७, पाचवा २१६.७३, सातवा २८७.३५, बारावा ४३२.०० आणि विसावा ५९१.८६ मिलिमीटरवर येतो. प्रत्येक माप नटपासूनच घ्यावे. एका फ्रेटपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजत गेल्यास पट्टीवरच्या वाचनातील लहान चुका साठत जातात आणि विसाव्या फ्रेटपर्यंत त्या कानाला कळण्याइतक्या होतात. मध्यरेषा आखून गुण्या फळीच्या सरळ कडेला टेकवावा आणि खाचा पडेपर्यंत फ्रेटबोर्डला निमुळता आकार देऊ नये, कारण निमुळत्या कडेला लावलेला गुण्या प्रत्येक खाच तिरकी पाडतो.

मंद्रा

मी वाजवणारी आहे, घडवणारी नाही. तरीही दोन गोष्टी वाजवणाऱ्याच्या बाजूने मांडते. पहिली, जाडी. नेकची मापे ठरवताना सगळे रुंदीवर बोलतात आणि हाताला थकवा येतो तो जाडीने व नेकच्या मागच्या वक्राच्या दोन्ही कडांच्या, म्हणजे खांद्यांच्या, भरीवपणाने. पहिल्या फ्रेटपाशी २१ मिलिमीटर आणि बाराव्यापाशी २३ अशी जाडी असूनही, खांदे उतरते ठेवले तर नेक सडपातळ वाटते. माझ्या एका बेसच्या नेकला नंतर असा आकार करून घेतला आहे आणि त्यात जाडी मुळीच कमी केलेली नाही.

दुसरी, मृत स्वर. फेंडरच्या घडणीच्या बहुतेक बेसमध्ये जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा स्वर लवकर विझतो. नवी नेक करताना हे टाळता येईल का?

मेपलपान

मंद्रा यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. बेसची नेक आणि हेडस्टॉक मिळून स्वतःच्या एका कंपनसंख्येने डोलतात. जी तार ९८ हर्ट्झची आहे. पाचव्या फ्रेटवर ती १३१, सहाव्यावर १३९ आणि सातव्यावर १४७ हर्ट्झची होते. नेकची एखादी कंपनसंख्या याच टापूत पडली, तर तारेची ऊर्जा नेक शोषून घेते आणि स्वर विझतो. म्हणून मृत स्वर नाहीसा करता येत नाही, हलवता येतो. हेडस्टॉकवर वजन वाढवले की नेकची कंपनसंख्या खाली येते. हलक्या खुंट्या लावल्या किंवा नेक अधिक ताठ केली की ती वर जाते. कंपनसंख्या दोन फ्रेटच्या मधल्या फटीत नेऊन बसवणे ही खरी युक्ती. हेडस्टॉकला लहान क्लॅम्प लावून एकेक फ्रेट वाजवून पाहिले तर तुमच्या बेसला कोणता मार्ग मानवतो हे पाच मिनिटांत समजते.

ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या, साधारण ३ मिलिमीटर रुंद आणि ९ ते १० मिलिमीटर उंच, इपॉक्सीत बसवल्या तर ताठरपणा वाढतो आणि ऋतूनुसार होणारी हालचालही घटते. पट्टी नेहमी उभी बसवावी, कारण वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाने वाढतो. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. मास्कशिवाय ती कापू नये.

जाडी कमी करण्याविषयी एक सावधगिरी सुचवते. नेकचा आकार बदलण्यापूर्वी रॉडची खाच किती खोल आहे हे कळले पाहिजे, कारण तिच्या तळाखाली निदान ३ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहायला हवे. जुन्या घडणीतला वक्र खाचेतला रॉड नेकच्या मधोमध सर्वांत खोल असतो, म्हणजे नेमका तिथे, जिथे वादक अंगठा टेकवतो आणि लाकूड कमी करायला सांगतो.

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. तुळईला चुंबक लावून पाहिले आणि खिळ्यांचा भाग वगळूनही पुरेशी लांबी निघेल असे दिसते. आणखी दोन शंका आहेत. शिसवी वापरण्यात कायद्याची काही अडचण आहे का? आणि हेडस्टॉक फेंडरसारखा सपाट ठेवावा की मागे झुकलेला?

लाकूडवखार

शिसवीविषयी लिहितो. ब्राझिलियन रोझवूड १९९२ मध्ये साइट्स कराराच्या (धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात गेले, तेव्हापासून जगभरच्या गिटारींवर आपली शिसवीच, म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, ‘इंडियन रोझवूड’ या नावाने प्रामुख्याने दिसते. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जियाच्या उरलेल्या सर्व जातीही दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि तयार वाद्ये परदेशी पाठवतानासुद्धा कागदपत्रे लागू लागली. त्या काळात फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या अनेक गिटारींवर रोझवूडऐवजी पाऊ फेरो हे लाकूड वापरायला घेतले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, परंतु ब्राझिलियन रोझवूड त्या सवलतीबाहेर आहे. घरच्या वापरासाठी नेक करताना वखारीतून पक्की पावती घेतली म्हणजे झाले. अवांतर : वखारीत ‘शिसम’ मागितले तर उत्तरेकडचे सिसू हातात पडू शकते. तेही फ्रेटबोर्डला चालते, मात्र ते हलक्या तपकिरी रंगाचे असते आणि शिसवीइतके घट्ट नसते. जांभळट काळसर छटा आणि वजन पाहून घ्यावे.

सुतारपक्षी

हेडस्टॉक सपाट ठेवावा असे माझे मत आहे. गिब्सनच्या परंपरेतील १७ अंशांचा झुकाव एकाच लाकडातून कापला, तर नटमागे रेषा आखूड होते आणि गिटार पडली की नेमकी तिथे तुटते. तिरका सांधा करून तो दोष घालवता येतो, पण पहिल्याच नेकला ते काम कशासाठी अंगावर घ्यावे? सपाट हेडस्टॉकमध्ये रेषा सलग राहते. तारा नटवर पुरेशा दाबल्या जाव्यात म्हणून एक तारदाबणी लावली की पुरे. तीन पट्ट्यांची जोड ७० मिलिमीटरच्या आसपास रुंद होईल आणि एका बाजूला चार खुंट्या बसवायला अधिक रुंदी लागेल, तेवढ्यापुरते कान (बाजूचे लहान तुकडे) मागाहून जोडावेत. आकार स्वतःचा काढावा. फेंडरचे हेडस्टॉकचे आकार नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहेत, आणि उद्या नेक विकायची म्हटली तर प्रश्न येईल.

मांडवीकाठ

जुन्या नेकचा विषय राहून गेला आहे. पीळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल तर ती टाकू नये. फ्रेट काढून, ट्रस रॉड ढिला करून, फ्रेटबोर्डचे पृष्ठ लांब सरळ ठोकळ्यावर काचकागद लावून नव्याने सपाट करता येते. पीळ लाकडात राहतो, पण तारांखालच्या पृष्ठावर उरत नाही. फ्रेट काढताना सोल्डरिंग आयर्नने तापवून मग पकडीने उचलावेत, म्हणजे खाचेच्या कडा उडत नाहीत.

माझी सूचना अशी की ती फ्रेटलेस करावी. प्रसिद्ध बेसवादक जॅको पॅस्टोरियस यांनी आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून खाचा भरल्या आणि वर होडीला लावतात तसा इपॉक्सी दिला, ही गोष्ट बेसवाल्यांना ठाऊक आहेच. इपॉक्सीचा थर शोभेसाठी नव्हता. राउंडवाउंड (गोल तारेचे खरखरीत वेढे असलेल्या) तारा उघडा रोझवूड कानशीसारख्या खातात. थर द्यायचा नसेल तर फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचे गुळगुळीत वेढे असलेल्या) तारा लावाव्यात. फ्रेट निघाले की पाचरींचा दाब जातो आणि नेक पुढे झुकते, म्हणून खाचांत मेपलच्या पातळ पट्ट्या घट्ट बसवून तो दाब परत आणावा. पट्ट्या फिकट ठेवल्या तर फ्रेटच्या रेषाही दिसतात. बोट रेषेवरच ठेवायचे असते, फ्रेटच्या बेससारखे रेषेच्या मागे नव्हे. शेवटी नटच्या खाचा खोल कराव्यात, नाहीतर पहिल्या काही स्वरांवर तार दाबताना हात दुखतो.

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

मग असे ठरवतो. जुनी नेक फ्रेटलेस होईल. नव्या नेकसाठी उभ्या वलयांच्या तीन सागवानी पट्ट्या, एक दुहेरी कार्याचा रॉड, दोन कार्बन पट्ट्या, इपॉक्सीने बसवलेला शिसवीचा फ्रेटबोर्ड आणि सपाट हेडस्टॉक. फ्रेटबोर्डची गोलाई साडेनऊ इंची त्रिज्येची, म्हणजे २४१ मिलिमीटर ठेवतो. वरून फक्त तेल लावावे का? हाताला ते फार छान लागते.

सुतारपक्षी

तेल हाताला छान लागते, परंतु ते ओल जवळजवळ थांबवत नाही. पॉलियुरेथेन किंवा लॅकर ती कायमची अडवत नाही, आत शिरण्याचा वेग कमी करते, आणि ठाण्यात तेवढेही पुष्कळ आहे. नेकच्या मागे अगदी पातळ, घासून निस्तेज केलेला थर द्या, म्हणजे हात चिकटणार नाही. ओल सर्वांत वेगाने शिरते ती कापलेल्या टोकांतून. त्यामुळे हीलचे टोक, हेडस्टॉकचे टोक, स्क्रूची छिद्रे आणि नटखालची जागा हेही सील करा. बऱ्याच तयार नेकमध्ये नेमक्या याच जागा कोऱ्या सुटलेल्या असतात.

हील बॉडीच्या खाचेत कागद सरकेल इतकी मोकळी असावी, त्याहून सैल नको. तारांची उंची जमवण्यासाठी कोन द्यावा लागला, तर खाचेच्या एका टोकाला कागदाची घडी घालू नये. पूर्ण हील टेकेल अशी निमुळती लाकडी पट्टी करावी. अर्धवट टेकलेली हील स्क्रूंच्या ओढीने वाकते, शेवटचे फ्रेट उचलले जातात आणि तो उंचवटा ट्रस रॉडने जात नाही.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून आणि शेवटचा फ्रेट दाबून, सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.३ मिलिमीटर फट ठेवा. रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नका. फ्रेट समपातळीत आणण्याचे शेवटचे काम, तारा चढवून नेक निदान एका महिन्याच्या ताणाखाली राहिल्यावर करा. नेक पावसाळ्यात पूर्ण झाली तर ते काम हिवाळ्यापर्यंत लांबवा. फ्रेटची टोकेही तेव्हाच कानसा. पावसाळ्यात फुगलेल्या फ्रेटबोर्डशी टोके जुळवली तर जानेवारीत तो आक्रसल्यावर ती बाहेर येतात आणि हाताला टोचतात.